रेस वाढते, गाडी ओढत नाही: ड्युअल क्लच गाडीचा क्लच खरंच गेलाय का, हे कसं तपासायचं

खंबाटकी घाट चढताना तुम्ही ॲक्सिलरेटर दाबता, आरपीएमचा काटा अठराशेवरून पस्तीसशेवर जातो, इंजिन ओरडतं आणि समोरचा ट्रक आहे तेवढ्याच अंतरावर राहतो. मॅन्युअल गाडीवर शिकलेला माणूस लगेच म्हणतो, "क्लचप्लेट गेली." मॅन्युअल गाडीत हा निदानाचा नियम बऱ्यापैकी खरा ठरतो. ड्युअल क्लच ऑटोमॅटिकमध्ये मात्र हेच लक्षण पाच-सहा वेगवेगळ्या कारणांनी दिसतं, आणि त्यातली निम्मी कारणं म्हणजे बिघाडच नसतो. क्लचचा पूर्ण संच बदलणं हे या गाड्यांमधल्या मोठ्या खर्चाच्या कामांपैकी एक. म्हणून जॉबकार्डवर सही करण्याआधी हातात आकडे असावेत, नुसता अंदाज नको, असं मला मनापासून वाटतं. हे आकडे मिळवायला तासभर वेळ, एक सोबती आणि स्वस्तातला ओबीडी डोंगल (गाडीच्या सॉकेटला लावला की तिच्या कंप्युटरमधले आकडे मोबाइलवर दाखवणारा छोटा जोड) एवढं पुरतं.

आधी गाडीत नक्की कोणता गिअरबॉक्स आहे ते बघा

ही पायरी हमखास गाळली जाते. आपल्याकडे दोन पेडलची प्रत्येक गाडी "ऑटोमॅटिक" असते, पण आतली यंत्रं पूर्ण वेगळी असतात. पोलो जीटी टीएसआय २०१३ साली आली तेव्हा तिच्यात १.२ लिटरचं इंजिन आणि सात गिअरचा डीएसजी, म्हणजे ड्युअल क्लच होता. २०२० पासूनच्या १.० लिटरच्या पोलोत टॉर्क कन्व्हर्टर आला. व्हर्टस, टायगुन, स्लाव्हिया, कुशाक या गाड्यांत १.० ऑटोमॅटिक असेल तर टॉर्क कन्व्हर्टर, १.५ असेल तर डीएसजी. २०२४ च्या क्रेटात तर एकाच शोरूममध्ये तिन्ही प्रकार उभे होते: टर्बो पेट्रोलला सात गिअरचा डीसीटी, साध्या पेट्रोलला सीव्हीटी (ठरलेल्या गिअरच्या पायऱ्या नसलेला), डिझेलला टॉर्क कन्व्हर्टर.

याचा निदानाशी थेट संबंध आहे. सीव्हीटीत जोरात ॲक्सिलरेटर दिला की रेस आधी चढते आणि वेग मागून येतो, ती त्याची रीतच आहे. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये तेल असतं, लॉक-अप होईपर्यंत, म्हणजे दोन्ही थेट जोडले जाईपर्यंत, थोडी घसरण ठरलेलीच. त्यामुळे पुढचं सगळं फक्त ड्युअल क्लचसाठी आहे. गाडीच्या कागदपत्रांत किंवा मॅन्युअलमध्ये डीएसजी, डीसीटी, डीसीए (ही सगळी ड्युअल क्लचचीच नावं) यांपैकी काही लिहिलेलं असेल तरच पुढे वाचा.

मग क्लच ड्राय आहे की वेट ते बघा. ड्राय म्हणजे क्लचप्लेट मॅन्युअल गाडीसारख्या हवेत असतात (गिअरना तेल असतंच, ते वेगळं). फोक्सवॅगन-स्कोडाचा सात गिअरचा डीक्यू२०० हा ड्राय, २५० न्यूटन मीटर टॉर्कपर्यंतचा (टॉर्क म्हणजे इंजिनाची फिरवण्याची ताकद). वेट म्हणजे प्लेटा तेलात बुडालेल्या. जुन्या लॉरा आणि सुपर्ब डिझेलमधला सहा गिअरचा डीक्यू२५० वेट, टाटा अल्ट्रोझचा डीसीए वेट. ड्राय क्लचची उष्णता हवेत जाते आणि तो लवकर तापतो. वेटची उष्णता तेल वाहून नेतं, पण मग त्या तेलाची तब्येत सांभाळावी लागते.

आत काय चाललेलं असतं

एकाच पेटीत दोन क्लच आणि दोन इनपुट शाफ्ट, म्हणजे क्लचकडून गिअरकडे ताकद नेणारे दांडे. एका क्लचवर १, ३, ५, ७ हे विषम गिअर, दुसऱ्यावर २, ४, ६ हे सम. तुम्ही तिसऱ्यावर पळत असता तेव्हा चौथा आधीच लावून ठेवलेला असतो. बदल करायचा म्हणजे एक क्लच सोडायचा आणि त्याच क्षणी दुसरा धरायचा. पाय आणि हात तुमचे नसतात, कंप्युटर आणि हायड्रॉलिक दाब (काही गाड्यांत इलेक्ट्रिक मोटर) ते काम करतात.

यातून दोन गोष्टी डोक्यात पक्क्या ठेवा. पहिली: या गाडीत हाफ क्लच रोज होतो, तो तुमच्या वतीने कंप्युटर करतो. ब्रेक सोडल्यावर गाडी आपोआप रांगते तेव्हा क्लच मुद्दाम घसरवलेला असतो. सिग्नलवरून निघताना पहिले काही मीटर रेस पुढे आणि गाडी मागे असणं म्हणूनच बिघाड नाही. दुसरी, जी जास्त महत्त्वाची: डीक्यू२०० सारख्या पेटीत क्लच मुळात सुटलेला असतो, दाब दिला की धरतो. मॅन्युअलच्या नेमकं उलट. त्यामुळे प्लेट नवीकोरी असली तरी दाब कमी पडला तर क्लच घसरणार. "स्लिप होतोय" म्हणजे "प्लेट झिजली" असं समीकरण इथे मांडताच येत नाही.

जे स्लिप नाही ते बाजूला काढा

सगळ्यात जास्त फसवतो तो किकडाउन. सहाव्या गिअरवर निवांत चाललेल्या गाडीचा ॲक्सिलरेटर खाली दाबला की पेटी थेट तिसऱ्यावर उतरते, काटा दोन हजारावरून चार हजारावर जातो आणि वेग त्यानंतर चढतो. डी मध्ये ठेवून केलेल्या कुठल्याही निरीक्षणाला म्हणूनच अर्थ नाही.

दुसरं, रेस वाढतच नाही आणि गाडीही ओढत नाही. लोक यालाही "क्लच गेला" म्हणतात. पण क्लच घसरला तर इंजिन मोकळं होऊन काटा वर पळायला हवा. काटा वर जातच नसेल तर दोष इंजिनकडे शोधा: टर्बोचा पाइप सुटलेला, एअर फिल्टर तुंबलेला, किंवा गाडी लिम्प मोडमध्ये (दोष दिसल्यावर कंप्युटरने मुद्दाम ताकद कमी केलेली).

तिसरं, पहिल्या पावसात किंवा खडीवर पुढची चाकं फिरणं. तेव्हा ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा लुकलुकतो, त्याकडे बघा. चौथं, काही गाड्या इको मोडमध्ये ॲक्सिलरेटर सोडला की क्लच सोडून मोकळ्या पळतात. पुन्हा पाय दिला की काटा आधी वर येतो, मग क्लच धरतो.

आणि थरथर. दुसऱ्या गिअरवर रांगत जाताना गाडी आणि स्टिअरिंग थरथरतं, ही ड्राय क्लचची अगदी ओळखीची तक्रार. पण ते धरण्या-सोडण्यातलं अडखळणं आहे, घसरणं नव्हे. दोन्ही एकत्र असू शकतात, तरी नोंद वेगवेगळी करा. "तुमच्या चालवण्याच्या सवयीमुळे होतंय" एवढ्यावर कुणी बोळवण केली तर ऐकून घेऊ नका. ऑस्ट्रेलियात फोर्डच्या पॉवरशिफ्ट या ड्युअल क्लच पेटीबाबत नेमकं असंच ग्राहकांना सांगितलं जात होतं. २०१८ मध्ये तिथल्या फेडरल कोर्टाने फोर्डला एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला.

रस्त्यावरची चाचणी: वेग आणि आरपीएमचा भागाकार

हा या लेखाचा गाभा, म्हणून इथे सावकाश जाऊ.

क्लच पूर्ण धरलेला असेल आणि गिअर बदलत नसेल तर इंजिनाचे फेरे आणि चाकाचे फेरे दातांनी बांधलेले असतात. म्हणजे आरपीएम भागिले वेग हा आकडा त्या गिअरमध्ये कायम तोच यायला हवा. चौथ्यावर ५० च्या वेगाला २००० आरपीएम असतील तर भागाकार ४०. मग ६० ला २४००, ७० ला २८००, ८० ला ३२०० यायलाच हवेत. जास्त आले तर मधे काहीतरी घसरतंय. तुमच्या गाडीचा चौथ्याचा आकडा ४० असेलच असं नाही, तो आधी शांतपणे, हलक्या पायाने चालवून काढायचा.

रस्ता सरळ, मोकळा, शक्यतो सलग हलक्या चढाचा हवा, वेळ पहाटेची. चढ यासाठी की इंजिनावर पूर्ण भार येतो आणि वेग सावकाश वाढतो, त्यामुळे आकडे नीट टिपता येतात. घाटाच्या वळणांवर हा प्रयोग अजिबात करू नका. गाडी अर्धा तास चालवून पूर्ण गरम करा. लिव्हर मॅन्युअल मोडला घ्या, चौथा लावा, डिस्प्लेवर ४ दिसतोय याची खात्री करा. पंधराशे ते अठराशेच्या दरम्यान स्थिर चालवा, मग ॲक्सिलरेटर साधारण तीन चतुर्थांश दाबा. पूर्ण तळाशी नेऊ नका. शेवटी पायाला एक टक जाणवतो, तो ओलांडला की बऱ्याच गाड्या मॅन्युअल मोडमध्येही गिअर खाली टाकतात आणि चाचणी वाया जाते. सोबत्याने मोबाइलवर मीटरचा व्हिडिओ घ्यायचा, चालवणाऱ्याने फक्त रस्ता बघायचा.

ब्लूटूथवाला साधा ओबीडी डोंगल असेल तर आणखी चांगलं. इंजिनाचे आरपीएम आणि वेग हे दोन आकडे कुठल्याही सर्वसाधारण ॲपला मिळतात आणि फाइलमध्ये साठवता येतात. एक खबरदारी मात्र घ्या: ॲप हे दोन आकडे एकापाठोपाठ एक विचारतं, एकाच क्षणी नाही. दुसऱ्या गिअरवर वेग झपाट्याने वाढत असताना त्या फरकानेच भागाकार हलतो आणि नसलेली स्लिप दिसते. म्हणून चौथा-पाचवा गिअर. तरीही चार-पाच टक्के इकडेतिकडे झालं तर सोडून द्या. खरी स्लिप याहून ठळक दिसते.

कशी दिसते ते माझ्या मेव्हण्याच्या गाडीवरून सांगतो. सात गिअरची, ड्राय क्लचची गाडी. कात्रजच्या चढाला रेस उगाच वाढते आणि सोसायटीच्या बेसमेंटमधून रिव्हर्स चढवताना जळका वास येतो, ही तक्रार. एका गॅरेजने न चालवताच क्लचचा पूर्ण संच बदलायचं अंदाजपत्रक हातात ठेवलं होतं. आम्ही पहाटे साडेपाचला निघालो. चौथ्यावर मी टिपलेले आकडे असे: ५० ला २०००, ५५ ला २६००, ६० ला २९००, मग ७० ला २८००. भागाकार ४०, ४७, ४८ आणि पुन्हा ४०. म्हणजे टॉर्क ऐन भरात येतो त्या पट्ट्यात क्लच घसरला, वेग वाढल्यावर परत धरला. व्हिडिओ हळू करून पाहिला तर काटा आधी उडतो, क्षणभर थबकतो आणि वेग वाढत असताना किंचित खाली येतो. सलग भाराखाली, गिअर न बदलता काटा खाली येणं ही स्लिपची सही आहे. हे एकदा पाहिलं की पुन्हा शंका राहत नाही.

मग तेच पाचव्यावर केलं. भागाकार जागचा हलला नाही. तिसऱ्यावरही नाही. सहाव्यावर पुन्हा उडी.

सम की विषम

इथेच ड्युअल क्लचचा तपास सोपा होतो. ३ आणि ५ ठीक, ४ आणि ६ घसरतात, म्हणजे दोष सम गिअरच्या क्लचकडे. डीक्यू२०० मध्ये रिव्हर्सही त्याच क्लचवर असतो, तेव्हा बेसमेंटमधल्या वासाचाही उलगडा झाला. (डीक्यू२५० मध्ये रिव्हर्स विषम गिअरच्या क्लचवर असतो, तिथे उलटं वाचा.) म्हणून चाचणी दोन तरी सम आणि दोन तरी विषम गिअरवर करा.

सगळेच गिअर सारखेच घसरत असतील तर दोन्ही क्लच एकाच दिवशी संपले असं समजण्याआधी दोघांमध्ये सामाईक काय आहे ते बघा: तेल, पंप, दाब, सॉफ्टवेअर. किंवा इंजिनाचा वाढवलेला टॉर्क. पुण्या-मुंबईत ईसीयू रीमॅप करून, म्हणजे इंजिनाच्या कंप्युटरचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवून घेणारे बरेच आहेत. १.५ टीएसआय इंजिन मुळातच २५० न्यूटन मीटरचं आणि डीक्यू२०० ची मर्यादाही तेवढीच, वर टॉर्क चढवला तर क्लच कुठून धरणार? रीमॅप केलेला असेल तर आधी मूळ सॉफ्टवेअर टाकून तीच चाचणी पुन्हा करा, आणि मेकॅनिकपासून ते लपवू नका.

दोष कधी सुरू झाला तेही लिहून ठेवा. झीज महिनोन्महिने हळूहळू जाणवते. काल संध्याकाळपर्यंत गाडी ठणठणीत होती आणि आज सगळे सम गिअर गायब, गिअरचा दिवा लुकलुकतोय, असं असेल तर ते बहुतेक हायड्रॉलिक किंवा इलेक्ट्रॉनिक प्रकरण असतं.

एक चाचणी कुणालाही करू देऊ नका: ब्रेक दाबून धरून डी मध्ये रेस देणं. टॉर्क कन्व्हर्टरवर शिकलेले जुने मेकॅनिक सवयीने करतात. ड्राय क्लचमध्ये ती सगळी ताकद प्लेट जाळण्यातच जाते.

स्कॅनर लावल्यावर काय मागायचं

आता गिअरबॉक्सच्या कंप्युटरशी बोलणारा स्कॅनर हवा, साधा डोंगल इथे अपुरा पडतो. "एरर काही नाही" एवढ्या उत्तरावर परत येऊ नका. क्लच घसरत असूनही कोड न नोंदवला गेलेल्या गाड्या असतात. चालत्या गाडीत हे आकडे बघायला सांगा: इंजिनाचे आरपीएम, दोन्ही इनपुट शाफ्टचे आरपीएम, दोन्ही क्लचचं तापमान आणि दाब. चौथ्यावर असताना इंजिन आणि सम गिअरचा शाफ्ट यांचे फेरे जवळपास सारखे हवेत. इंजिन २९०० आणि शाफ्ट २४०० असेल तर पाचशे फेऱ्यांची स्लिप समोर पडद्यावर दिसते, मग वाद घालायला काही उरत नाही. त्याच वेळी दाब बघा. मागितलेला दाब मिळतोय तरी घसरतोय, तर प्लेट किंवा प्लेटवर आलेलं तेल. दाबच मिळत नाही, तर प्लेटला हात लावण्याआधी पंप, ॲक्युम्युलेटर (दाब साठवणारा भाग), सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) तपासा.

कोड निघालेच तर पी०८११ म्हणजे क्लचची जास्त घसरण, पी२७८७ म्हणजे क्लच फार तापला. डीक्यू२०० मध्ये पी१८९सी आला तर दाब तयार होत नाहीये. तो मेकॅट्रॉनिकचा, म्हणजे हायड्रॉलिक आणि कंप्युटरच्या जोडयंत्राचा आजार आहे, क्लचप्लेटचा नाही.

अजून एक. क्लच कुठे धरायला लागतो तो बिंदू कंप्युटर सतत शिकत असतो, त्याला अडॅप्टेशन म्हणतात. ते पुसून नव्याने शिकवलं की काही गाड्या खरोखर सुधारतात, म्हणून क्लच बदलण्याआधी तो उपाय जरूर करून बघा. पण पुसण्याआधी जुन्या आकड्यांचा फोटो घ्या. झीज किती झाली याचा तो एकमेव लेखी पुरावा असतो, आणि वॉरंटीसाठी भांडायची वेळ आली तर तोच कामी येतो.

वेट क्लच असेल तर स्कॅनरइतकंच सर्व्हिस बुक महत्त्वाचं. डीक्यू२५० चं तेल आणि फिल्टर दर ६०,००० किलोमीटरला बदलायचे असतात. सेकंडहँड घेतलेल्या गाडीत ती नोंद नसेल तर तेल बदलून, पातळी ठरलेल्या तापमानाला तपासून, मग चाचणी पुन्हा करा. ड्राय क्लच असेल तर गाडी लिफ्टवर घेऊन इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथे खालून हात फिरवा. बोटाला तेल लागता कामा नये.

तपास होईपर्यंत गाडी कशी चालवायची

जळका वास आला किंवा गिअरबॉक्स तापल्याचा संदेश आला तर सुरक्षित जागी थांबून पी मध्ये टाका आणि थंड होऊ द्या. वेट क्लचमध्ये इंजिन चालू राहू द्या, म्हणजे तेल कूलरमधून फिरत राहील. चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका, ब्रेक किंवा ऑटो होल्ड वापरा. बंपर टू बंपर गर्दीत ब्रेक अर्धवट दाबून इंचाइंचाने सरकत राहणं ड्राय क्लचला सगळ्यात वाईट. ब्रेक पूर्ण दाबला की क्लच सुटतो आणि थंड होतो. समोर एक गाडीभर जागा होऊ द्या, मग एकदाच निघा.

जुना क्लच बघायला मागा

काम करायचं ठरलं तर काढलेले भाग डोळ्यांनी बघण्याची अट जॉबकार्डवर लिहून घ्या. झिजलेली प्लेट रिव्हेटपर्यंत आलेली दिसते. जळलेलीवर काच चढल्यासारखी चकाकी येते आणि समोरच्या लोखंडावर निळे डाग पडतात. तिसरा प्रकार मेव्हण्याच्या गाडीत निघाला. सम गिअरच्या प्लेटला जाडी भरपूर होती, पण तिच्यावर काळपट, चिकट थर होता आणि बोटाला गिअर तेलाचा वास आला. गिअरबॉक्सच्या शाफ्टचं सील पाझरत होतं. पहिल्या अंदाजपत्रकात क्लचचा संच होता, मजुरी होती, सीलचं नावही नव्हतं. नवा क्लच त्याच गळतीखाली बसवला गेला असता. सील बदललं, पेटी आतून कोरडी पुसून घेतली, मग क्लच बसवला, अडॅप्टेशन करून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच चढावर चौथा लावला. ५० ला २०००, ६० ला २४००, ७० ला २८००.